माइकसमोर कोण, ऐकायला कोण?



मे महिना लागला की आखातातल्या आपल्या मराठी मंडळींना कामगारांची आठवण होते. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आठवण होते हे चांगलंच आहे. पाण्याच्या बाटल्या वाटल्या जातात, टोप्या वाटल्या जातात, फोटो निघतात. अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे : उन्हापासून बचाव कसा करावा हे सांगणारे तीस किंवा साठ सेकंदांचे ध्वनिमुद्रित संदेश, म्हणजे रेडिओवाल्यांच्या भाषेत स्पॉट. मोबाइलवर रेकॉर्डिंगची सोय झाल्यापासून हे काम सगळ्यांना सोपं वाटू लागलं आहे. ते तसं नाही. आणि त्यात कोणी काय करायचं याची जी वाटणी आपण एक शब्द न बोलता करून टाकतो, ती मला मुळातच पटत नाही.

मी इथे मीना अल-अहमदीला असते. (मीना म्हणजे अरबीत बंदर. माझ्या आत्याची बरीच वर्षं समजूत होती की मी मीना नावाच्या कुणा बाईकडे राहते.) कुवेतच्या तेलाचं हे जुनं बंदर, शेजारी रिफायनरी. माझी डॉक्टरेट धातूंच्या गंजण्यावरची आहे, माणसांच्या आजारांवरची नाही. पण पाइप बघायला गेलं की पाइपवर काम करणारी माणसंही दिसतातच. गेल्या काही उन्हाळ्यांत आम्ही सहा-सात जणांनी मिळून मराठीत आणि हिंदीत असे काही स्पॉट केले. ते कुठल्या केंद्रावरून प्रसारित झाले नाहीत. कामगारांच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या पेन ड्राइव्हवरून वाजले आणि फोनवरून फिरले. पुढे जे लिहिते आहे ते त्या अनुभवावरून.

आधी उन्हाबद्दल, कारण युरोप-अमेरिकेतल्या वाचकांना त्याचा अंदाज येणं कठीण आहे. कुवेतमधल्या मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेने २०१९ मध्ये पडताळणी करून ते मान्य केलं. सरकारने १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करवून घेण्यास मनाई केली आहे. नियम चांगला आहे. पण कॅलेंडर पाहून ऊन उतरत नाही. सप्टेंबरातही इथे पारा सहज चाळिशीच्या वर असतो. या सप्टेंबरकडे मी पुन्हा येणार आहे.

आता वाटणी. आपल्याकडे ती अशी होते. मंडळातले एक डॉक्टर मसुदा लिहितात. गणेशोत्सवात निवेदन करणाऱ्या, आवाज गोड असलेल्या एक वहिनी तो वाचतात. ज्याच्याकडे चांगला माइक आहे तो इंजिनियर रेकॉर्डिंग करतो. मग कमिटी ऐकते आणि ‘वा, छान झालं’ म्हणते. या साखळीत ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे तो कुठेच नाही. तो फक्त शेवटी, कानाच्या जागी.

परिणाम काय होतो पाहा. असे मसुदे जगभर एकाच साच्यातून निघतात : दुपारच्या वेळी घराबाहेर पडणे टाळा, सैलसर सुती कपडे वापरा, भरपूर द्रवपदार्थ घ्या, निर्जलीकरणाची लक्षणे ओळखा. पुण्यातल्या निवृत्त माणसाला हा सल्ला योग्यच आहे. पण परांचीवर, म्हणजे स्कॅफोल्डिंगवर, चढलेल्या माणसाला ‘घराबाहेर पडू नका’ सांगण्यात काय अर्थ? त्याच्या अंगात आग न धरणारा जाड कव्हरऑल असतो आणि तो काढला तर त्याला गेटवरूनच परत पाठवतात. ‘सैलसर सुती’ हे त्याच्या कानावर पडलं की तिथेच त्याने ऐकणं सोडलं असं समजा. पुढची पन्नास सेकंदं आपण भिंतीशी बोलत असतो.

भारतात मार्च २०२० मध्ये फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज ऐकू यायचा, आठवतं? माहिती बरोबर होती. पण घाईने कुणाला फोन लावणारा माणूस ती कशी ऐकेल याचा विचार करणारं त्या खोलीत कुणी होतं असं वाटत नाही.

आमच्या गटात आम्ही एक जागा नव्याने तयार केली आणि तिला सरळ ‘ऐकणारा’ असं नाव दिलं. पहिल्यांदा त्या जागेवर आला तो चिपळूणकडचा एक फिटर. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. त्याला कागद द्यायचा नाही, हा पहिला नियम. बसमध्ये कुणाच्या हातात कागद नसतो. त्याला मसुदा एकदाच वाचून दाखवायचा, मागे बसच्या इंजिनाचा रेकॉर्ड केलेला आवाज चालू ठेवून. मग ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. आपल्या लोकांना ‘समजलं का’ विचारलं की समोरचा शिकलेला असेल तर मान ‘हो’ अशीच हलते. विचारायचं ते असं : ‘आता हे तुझ्या रूममधल्या माणसाला सांग.’ तो जे सांगेल तो आपला खरा स्पॉट. बाकीचं आपल्या मनातलं.

आणि दुसरा नियम, ज्यावर आमच्यात बराच वाद झाला : ऐकणाऱ्याने ‘थांबा’ म्हटलं की रेकॉर्डिंग थांबतं. डॉक्टरांचं वाक्य असो, नाहीतर माझं.

‘निर्जलीकरण’ पहिल्या मिनिटात गेलं. ‘उष्माघात’ राहिला, पण ‘ऊन लागणं’च्या सोबतीने. लघवीच्या रंगाबद्दल सांगायचं होतं. वाचणाऱ्या वहिनींना ‘मूत्र’ चालत होतं, ‘लघवी’ नको होती. त्याला उलट ‘मूत्र’ ऐकून हसू आलं. शेवटी ‘लघवी काळ्या चहासारखी झाली तर’ असं ठरलं आणि ते वाक्य पुरुषाच्या तोंडी गेलं. इथपर्यंत सगळं भाषेचं होतं, आणि भाषेचं सगळे जण हसतखेळत मान्य करतात.

मग पाण्याचं वाक्य आलं. शास्त्र असं की कडक उन्हात श्रमाचं काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे साधारण पाव लिटर पाणी प्यावं. तहान लागायची वाट पाहू नये. साधं वाक्य. फिटर म्हणाला, थांबा. ‘पाणी पिलं की लघवीला जावं लागतं. टॉयलेट लांब आहे. खाली उतरा, हार्नेस सोडा, चालत जा, परत या. वीस मिनिटं जातात. दोनदा गेलं की फोरमन विचारतो. म्हणून आम्ही मुद्दाम कमी पितो. हे आम्हाला माहीत नाही असं तुम्हाला वाटतं काय?’

आरोग्यशिक्षणातला आपला सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा असतो : लोकांना माहीत नाही, म्हणून ते करत नाहीत, आपण सांगितलं की करतील. इथे माणसाला माहीत होतं. त्याला करू दिलं जात नव्हतं. अशा माणसाला गोड आवाजात ‘भरपूर पाणी प्या’ सांगणं म्हणजे उद्या तो कोसळला तर ‘सांगितलं होतं ना?’ म्हणायची सोय करून ठेवणं आहे. १२ जून २०२४ रोजी इथून जवळच मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले, तेव्हा आपल्यातल्या काही जणांना लगेच ‘आगीत काय करावे’ असे संदेश काढावेसे वाटले. गच्चीचं दार बंद होतं असं बातम्यांत आलं होतं. बंद दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला कुठला सल्ला उपयोगी पडतो?

म्हणून माझं म्हणणं असं की मसुद्याची पहिली ओळ लिहिण्याआधी ‘हे कुणाला उद्देशून आहे’ हे ठरवावं, आणि ज्याच्या हातात ते करणं आहे त्यालाच उद्देशून स्पॉट करावा. पाण्याचा स्पॉट आम्ही फोरमन आणि साइट इंजिनियरसाठी केला. पाण्याचा डबा कुठे ठेवायचा, टॉयलेट किती अंतरावर हवं, लघवीला गेलेल्या माणसाची हजेरी कापायची नाही, एवढंच. हा स्पॉट बसमध्ये न वाजवता सकाळी कामाआधीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये वाजवावा अशी कल्पना होती. तीन जागी वाजला. एका ठेकेदाराने ‘हे आमच्या माणसांना बिघडवणारं आहे’ असं कळवलं. त्या ठेकेदाराकडे पदवीधर, आपल्यासारखेच, आपल्याच राज्यातले सुपरवायझर आहेत, हे जाता जाता नमूद करते.

इथे माइकसमोर कोण हा प्रश्न येतो. पुरोगामी मंडळींचं उत्तर तयार असतं : ज्याचं दुःख त्याचाच आवाज. मलाही ते तत्त्व म्हणून मान्य आहे. फिटरला आम्ही विचारलंही. तो नको म्हणाला, आणि त्याचं कारण आपल्या तत्त्वापेक्षा भक्कम होतं. इथे राहण्याचा परवाना कफीलशी बांधलेला असतो. आवाज ओळखला गेला आणि फोरमनला राग आला, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याची किंमत तो मोजणार, आपण नाही. त्याच्या घरी दोन मुली शाळेत आहेत. तेव्हा शब्द त्याचे आणि आवाज आमच्यातल्या एका सीनियर इंजिनियरचा, अशी वाटणी झाली. ज्याचं काही बिघडत नाही त्याने धोक्याच्या वाक्याला आवाज द्यावा. उलट जिथे धोका नाही, साधी दोस्तीखात्यातली माहिती आहे, तिथे कामगारांचेच आवाज घ्यावेत. ते आपल्यापेक्षा दसपटीने बरे वाटतात.

आवाजाची ही समज मराठी रेडिओला पूर्वी चांगली होती. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी आपल्यातल्या पन्नाशीपुढच्यांना अजून आठवत असतील. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर ही माणसं घरातल्या गोष्टी घरातल्यासारख्या बोलायची, आणि त्यातून श्रोत्यांच्या पदरात काही ना काही पडायचं. बीबीसीची ‘द आर्चर्स’ ही मालिका १९५१ मध्ये देशभर सुरू झाली ती शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोचवण्यासाठी. त्यात खात्याचा सल्ला असायचा, पण बोलायची पात्रं. उपदेशकाचा एकसुरी आवाज आपण नंतर कुठून उचलला कोण जाणे. बहुधा शाळेच्या प्रार्थनेनंतरच्या सूचनांमधून.

आता सप्टेंबर. कोकणातला माणूस सुट्टी साठवतो ती गणपतीसाठी. महिनाभर गावी पावसात राहतो आणि सप्टेंबरात परत येतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आठवडाभर उन्हापासून दूर राहिलं तरी ती उतरू लागते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचं म्हणणं आहे की उष्णतेने होणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात आणि सत्तर टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात. म्हणजे अनुभवी, दहा वर्षं इथे काढलेला माणूस सुट्टीवरून आल्यावर नवख्यासारखाच धोक्यात असतो. त्यात दुपारच्या कामावरची मनाई ३१ ऑगस्टला संपलेली. अमेरिकेतल्याच व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी की परतलेल्या अनुभवी माणसाला पहिल्या दिवशी निम्मं काम द्यावं, मग साठ टक्के, ऐंशी टक्के, आणि चौथ्या दिवशी पूर्ण. ही गोष्ट मला तरी कुठल्याही मराठी आरोग्यसंदेशात आढळली नाही. आम्ही त्यावर केलेला स्पॉट असा :

(हातोडीचे ठोके. थांबतात.)
– काय रे, कधी आलास?
– काल रात्री. गणपती झाले, गौरी झाल्या, आलो परत.
– आज किती वेळ वर चढणार?
– किती म्हणजे? रोजच्यासारखं.
– रोजच्यासारखं नाय. गावाला पाऊस होता, अंग गारव्याला सवकलंय. आज अर्धं काम कर. उद्या थोडं जास्त. चौथ्या दिवशी पुरं.
– फोरमन ऐकणार काय?
– त्याच्या कानावर मी घालतो. आणि एकटा वर जायचं नाय. बोलताना अडखळलास, पाय लटपटले, तर तुला कळणार नाय. मला कळेल.
– मग?
– मग आधी सावली, आधी अंगावर पाणी. आणि फोन त्याच वेळी. एक, एक, दोन.

पाऊणशेच्या आत-बाहेर शब्द आहेत. साठ सेकंदांत मराठीत याहून फार जास्त मावत नाहीत. दीडशे कोंबले की वाचणारा धावतो आणि ऐकणारा मागे राहतो.

यात शास्त्रज्ञाचं काम काय? माझ्या मते राखणदाराचं. ‘घाम यायचा थांबतो, कातडी कोरडी पडते’ हे उष्माघाताचं लक्षण म्हणून आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. श्रमाचं काम करताना येणाऱ्या उष्माघातात मात्र माणूस घामाने चिंब असू शकतो. खूण पाहायची ती मेंदूची : बडबड, गोंधळ, तोल जाणं. घाम आहे म्हणून त्याला बसवून ठेवलं तर तो हातचा जातो. तसंच ‘ताबडतोब दवाखान्यात न्या’ हे अर्धं वाक्य आहे. अँब्युलन्स येईपर्यंत थंड पाण्याने अंग गार करणं आधी, उचलून नेणं नंतर. अशी दोन वाक्यं मी हट्टाने धरून ठेवली. बाकीच्या ठिकाणी शास्त्रज्ञाने तोंड बंद ठेवलेलं बरं. आपल्याला सगळंच महत्त्वाचं वाटतं, आणि तिसरा मुद्दा घुसवला की पहिले दोन विसरले जातात.

रेकॉर्डिंगच्या तयारीबद्दल थोडं, कारण तेही विचारलं जातं. आमचा स्टुडिओ म्हणजे एका मित्राच्या फ्लॅटमधली आतली खोली, भिंतींना गोधड्या आणि गाद्या लावलेली. ए.सी. बंद करावाच लागतो, त्याची घरघर माइक पकडतो. जूनमध्ये कुवेतला ए.सी. बंद करून उन्हाचा स्पॉट रेकॉर्ड करणं हा स्वतंत्र अनुभव आहे. तिसऱ्या टेकनंतर ‘पाणी’ हा शब्द फार मनापासून म्हटला जातो. भ, फ, ख, ध या अक्षरांचा श्वास माइकवर फट्‌दिशी आदळतो, म्हणून माइक तोंडासमोर न धरता थोडा तिरका ठेवावा. मसुदा मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला, आणि वाक्य पान उलटताना तुटू नये असा. बर्फाचं पाणी आणि दुधाचा चहा रेकॉर्डिंगआधी नको, साधं पाणी चालेल. दिग्दर्शन एकानेच करावं. प्रत्येकाने सूचना दिल्या की वाचणाऱ्याच्या आवाजात भीती येते आणि ती ऐकू येते. प्रत्येक टेकच्या आधी क्रमांक म्हणावा. शेवटी अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवावी, जोडकामात उपयोगी पडते. ११२ हा आकडा ‘एकशे बारा’ असा वाचू नये, फोनवर दाबायचा तसा सुटा म्हणावा. बसमध्ये जाऊन एकदा ऐकल्याशिवाय झालं म्हणू नये.

‘पण याचा उपयोग होतो याला पुरावा काय?’ हा प्रश्न आपल्यातले संशोधक विचारणारच, आणि विचारावा. बुर्किना फासो या आफ्रिकी देशात २०१२ ते २०१५ या काळात याची रीतसर चाचणी झाली. चौदा सामुदायिक रेडिओ केंद्रांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखी सात निवडली आणि तिथे बालआरोग्याचे साठ सेकंदांचे स्पॉट स्थानिक भाषांत दिवसाला दहाच्या आसपास वेळा लावले. पहिल्या वर्षी पाच वर्षांखालच्या मुलांना दवाखान्यात आणण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं. बालमृत्यू घटले का, हे मात्र त्या चाचणीत दिसून आलं नाही. मला त्यातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो : मुलाला दवाखान्यात नेणं ही आईला करता येण्यासारखी गोष्ट होती. जिथे ऐकणाऱ्याच्या हातात काही असतं तिथे रेडिओ चालतो. आपल्या फोरमनच्या स्पॉटबद्दल माझ्याकडे असा आकडा नाही. एका साइटवर पाण्याचे डबे वरच्या प्लॅटफॉर्मवर आले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि तो आपल्याला अवघड जातो. ऐकणाऱ्याला मोबदला द्यावा. त्याला आठवड्यात एक शुक्रवार मिळतो. त्यात कपडे धुणं, घरी फोन, झोप. तो शुक्रवार आपण ‘समाजकार्य’ म्हणून मागतो, कारण आपण स्वतः फुकट करतो. आपला शुक्रवार-शनिवार सुट्टीचा आणि पगार पूर्ण, हा फरक लक्षात घ्या. आम्ही त्याच्या ओव्हरटाइमच्या दराने पैसे दिले. गटातल्या दोघांना ते खटकलं; ‘भावना राहत नाही’ म्हणाले. माइकवर खर्च करताना कुणाच्या भावनेला धक्का लागला नव्हता.

कुवेतच्या सरकारी रेडिओने २१ एप्रिल २०२४ पासून रविवारी अर्ध्या तासाचा हिंदी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आपण सगळ्यांनी तो आनंदाने एकमेकांना कळवला. अशा कार्यक्रमात गाणी आणि सणवार जसे मावतात तसा साठ सेकंदांचा गणपतीनंतरचा स्पॉटही मावू शकतो. त्यासाठी रीतसर अर्ज करावा असं मी सुचवते. अर्जावर सही करायची ती आपल्यासारख्यांनी, फिटरने नाही.

मराठी आणि हिंदी झालं. तेलुगू आणि बंगाली बाकी आहे, आणि त्यांचे ऐकणारे आधी शोधायचे आहेत, वाचणारे नंतर. रेकॉर्डिंग ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी. ए.सी. बंद असेल. येणाऱ्यांनी बांगड्या, किल्ल्या आणि खळ घातलेले कुडते घरी ठेवून यावं.